नोटिशीची घडी

फोन ठेवू नकोस, आधी ऐकून घे: कळंबोलीत राहतेस आणि कामोठ्याला यायला तुला वर्ष लागतं? भाची म्हणवतेस ना माझी? असो. जगात कात्रीवर डूख धरलेला माणूस एकच, माझे धाकटे दीर. पत्र्याच्या एका तुकड्यातून, न कापता, न झाळता-जोडता, नुसत्या घड्या घालून ते वस्तू काढतात. "वहिनी, कापला का पत्रा मेला!" हत्यार काय, तर लाकडी मोगरी आणि सासूबाईंचा पाट. त्याच्या कडेवर पत्रा वाकवायचा, आणि पाट हलू नये म्हणून वर मी बसायचं. रंगाचं तर नाव काढायचं नाही. चिंचेच्या पाण्याने घासायचा, आचेवर तापवायचा, जवसाचं तेल चोळायचं. तवा मुरवावा तसा पत्रा मुरतो, काळानिळा होतो. आमटीत चिंच नसली तर चालते, पत्र्याला लागतेच!

घडी आधी कागदावर. कॅलेंडर, लग्नपत्रिका, हाताला येईल तो कागद. लग्न चुकतं, आकार साधतो. परवा मोठ्या कौतुकाने एक कागदी टोपी दाखवली. "पंपाच्या स्विचच्या पेटीवर बसंल, पानी आत जानार नाय. कागद काय मस्त जाड हाय!" मी चष्मा लावला, तर घडीवर अक्षरं: 'जिन्याखालची जागा रविवारपर्यंत रिकामी करावी.' सोसायटीची नोटीस होती ती, ठोकाठोकीच्या तक्रारीवरून!

"भावोजी, वाचलीत का हो ही?"

त्यांनी टोपी हळूच खिशात घातली. जाऊबाई गेल्यापासून त्यांचा दिवस त्या जिन्याखालीच उगवतो गं.

रविवारी मीटिंग. सेक्रेटरी म्हणाला, "काका, टेन्शन नको. नोटिशीवर सही करा, विषय संपला." भावोजींनी खिशातून कागदी टोपी काढली. तो उलगडायला गेला तसे हे ओरडले, "अरं, उलगडू नको, माप जाईल!" आणि पिशवीतून तश्शीच पत्र्याची काढली. दर पावसाळ्यात पेटीत पाणी शिरतं, पंप बंद पडतो, आख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन उभी. मेन स्विच बंद केला, टोपी पेटीवर बसवली. "आता वत पानी!" सेक्रेटरीने एक बादली ओतली, इरेला पेटून दुसरी ओतली. पेटी उघडली, तर आत ठणठणीत कोरडं!

टाळ्यांच्या कडकडाटात सेक्रेटरीची आईच पुढे आली. "आता सही कसली घेतोस, मेल्या? ती नोटीस जपून ठेव, माप आहे ते!"

जागा राहिली. फक्त दुपारी दोन ते चार मोगरीला सुट्टी.

तुझ्यासाठी भावोजींनी एक डबा घडवून ठेवलाय. रोज त्यावर तेलाचं बोट फिरवतात, विचारतात, "आली का तुमची भाची?" हल्ली हात थरथरतो त्यांचा, कड सूतभर सरकते. म्हणतात, "पाट हलला." पाट कुठला हलतोय गं, वर मी बसलेली असते. पण म्हणते, हो, हलला खरा.

ये ना लवकर, या रविवारीच ये. पाटावर दोघी बसू.