खरखर आहे तोवर

लग्नाचे व्हिडिओ करत सांगलीभर हिंडणाऱ्या बाईला खरखरीचं काय नवल? वायरलेस माइक कुठं रुसतो, हे मला झोपेतही सांगता येतं. पण त्या दिवशी आष्ट्याजवळच्या आमच्या मळ्यात तो नेमका नको तेव्हा रुसला.

आण्णांना, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांना, मी कसंबसं कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. निमित्त माजी सैनिकांच्या मेळाव्याचं. मला मात्र त्यांच्याकडून एकच गोष्ट काढून घ्यायची होती. माझ्या जन्माच्या वेळी आई मरता मरता वाचली आणि आण्णा आले नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही, नुसता राग धरला. तो माझ्याबरोबरच वाढला.

"आण्णा, मी जन्मले तेव्हा..." एवढं म्हणतेय तोच इअरफोनमध्ये खर्रर्र!

"तुजा सेट बिघडलाय," म्हणत आण्णा उठलेच. मला रडू यायचं बाकी होतं. पण ते कुठले जातायत! सगळी नोकरी त्यांनी वायरलेस सेटवर काढलेली. डोळे असे चमकले की मला माझा राग आवरेना आणि हसूही आवरेना.

पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या खिशातला मोबाइल काढून बंद केला. खरखरीतली टकटक गेली. मग माइकची वायर त्यांच्या शर्टाला घासत होती, ती मी चिकटपट्टीनं बसवली. तरी मागं सूं चालूच. "कॅमेऱ्याचा आवाज कमी कर, माइकचा वाढव," आण्णा म्हणाले. मी कॅमेऱ्यावर आवाजाचं ऑटो बंद केलं, आकडे खाली आणले आणि सूं गेलीच की! मी उडीच मारली. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये?

आता राहिली ती अधूनमधून येणारी खरखर. आण्णा पाठमोरे झाले की हमखास यायची. "माइक आन् कॅमेऱ्याच्या मधी अंग येतंय. कॅमेरा उंचावर ने." आम्ही ट्रायपॉडसकट कॅमेरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवला. भाकरी टाकून आलेल्या आईलाही आण्णांनी वर घेतलं. इअरफोनचं एक बोंड तिच्या कानात, दुसरं माझ्या.

"मी उसाच्या कडंनं चालत बोलतो. खरखर आली की हात वर कर. गेली की खाली, मग मी थांबतो," त्यांनी आईला बजावलं. "बोलन्याकडं ध्यान देऊ नको."

"तुमच्या बोलन्याकडं कवा दिलं हुतं?" आई फणकारली, पण उभी राहिली.

आण्णा चालत निघाले. एक, दोन, तीन झालं. पाण्याच्या पाळीचं बोलून झालं, मोटरचं झालं. खरखर आली, आईचा हात वर गेला. आण्णा बोलायचं संपल्यासारखे थबकले, मग पुन्हा चालू लागले.

"मी सेटवरच हुतो. मलाच निरोप आला. बायको सीरियस, घरी या. सायबानी रजा दिली. दीड दिवस बर्फातनं खाली चालत आलो, तर म्होरं रस्ताच बंद. चार दिस थितं बसून हुतो. मग कळलं, दोघी बऱ्या हाईत. तसाच माघारी वर चढलो. घरी आल्यावर सांगनार हुतो. पन ती बोलंना, मग मीबी न्हाई बोललो."

आवाज केव्हाच स्वच्छ झाला होता, त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"आई, खरखर गेली की. हात खाली कर," मी कुजबुजले.

"गप. खाली केला तर थांबतील त्ये."

आण्णांनी लांबून वळून पाहिलं, वर धरलेला हात दिसला, आणि ते बोलत पुढं निघाले. तो हात भरून आला तेव्हा आईनं दुसरा वर केला.