कागदापुरता गुन्हा

ही केस विसरावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. निवृत्त पोलिसाकडे लोक शौर्याच्या गोष्टी मागतात. माझ्याकडे तशा दोन-चार आहेत आणि त्या मी चवीने सांगतोही. पण सांगून झाल्यावर वाटतं, खरी सांगायची ती पुन्हा टाळली. आज टाळत नाही.

शिकागोजवळच्या शॉमबर्गपासून वीस मिनिटांवरच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो. बहिणीने स्पॉन्सर केलं म्हणून तरुणपणी इकडे आलो आणि पोलीस खात्यात शिरलो. आमच्या स्टेशनात मराठी येणारा मी एकटाच. कुणा देशी घरात भांडण झालं, कुणाची आई फिरायला गेली आणि सारखी दिसणारी घरं पाहून वाट चुकली, की सार्जंट मलाच पिटाळायचा. आपली भाषा येते याचा मला थोडा माजही होता. दुसऱ्याला जे तीन तासांत जमत नाही ते मी एका चहात करून येतो, असं मी म्हणायचो.

सकाळी सातला हजेरी. मग कॉफी, मग आदल्या दिवसाच्या तक्रारींची यादी. पूर्वी लोक काउंटरवर येऊन तक्रार द्यायचे. शेवटच्या काही वर्षांत तक्रारीबरोबर व्हिडिओ यायला लागले. दारोदार बेलचे कॅमेरे लागले होते. कॅमेरा विकणाऱ्या कंपनीने पोलिसांसाठी एक खास पान दिलं होतं. त्यावर रस्ता आणि तारीख टाकली की तिथल्या रहिवाशांना विनंती जायची आणि त्यांनी बटण दाबलं की क्लिप आमच्याकडे. वॉरंट नको, जज्ज नको. आम्हाला ते फार सोयीचं वाटायचं. स्टेशनात एक-दोघे कुरकुरायचे, की उद्या आपल्याच घराचं असं होईल. मी त्यांना हसायचो.

त्या ऑगस्टमध्ये एकाच गल्लीतून दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या. सगळ्या पार्सल चोरीच्या. ॲपवर 'डिलिव्हर्ड' दिसतं आणि दारात काही नाही. पाचव्या तक्रारीबरोबर खबरही आली. तक्रार देणाऱ्या बाईंनी आपल्या दाराची एक क्लिप शेजाऱ्यांच्या ॲपवर टाकली होती, तिची लिंक त्यांनी पाठवली.

क्लिप दहा सेकंदांची. सकाळचे साडेसहा. सत्तरीचा एक माणूस, अंगात पांढरा झब्बा-पायजमा, पायात स्पोर्ट्स शूज, हातात देशी दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तो इकडेतिकडे बघत व्हरांड्याच्या पायऱ्या चढतो, दाराशी वाकतो, हात पुढे करतो. तिथे क्लिप संपते. कंपनीचा फुकटचा प्लॅन तेवढाच. पुढचं बघायचं तर दरमहा पैसे भरा. त्या बाई मला फोनवर चिडून म्हणाल्या, "माझं दार, माझा कॅमेरा आणि व्हिडिओ मात्र मलाच विकत घ्यायचा!" मी म्हणालो, "मॅडम, एवढाही पुरे आहे." हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मला वाटलं होतं.

क्लिपखाली पंचेचाळीस जणांनी मतं दिली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी लिहिलं, याला मी पार्कात पाहिलाय. कुणी लिहिलं, हे लोक टोळीने येतात. पार्कात पाहिलेलं खरं होतं, कारण ते काका रोज पार्कात फिरायला जात होते. त्यांचं घर शोधायला मला अर्धा तास लागला.

काका पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एस.टी. डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली. सुनेला बाळ झालं होतं, तिची रजा संपली होती, म्हणून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. मुलगा आयटीत, व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत बरीच वर्षं. मी गेलो तेव्हा तो ऑफिसला गेलेला, सून वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. काका बाळाला मांडीवर घेऊन बसले होते.

मी साध्या वेशात होतो. तेव्हा आमच्याकडे डिटेक्टिव्हला अंगावर कॅमेरा लावायची सक्ती नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक दाराला कॅमेरा होता आणि जे रेकॉर्ड व्हायला हवं होतं ते तेवढं झालं नाही.

"नमस्कार काका, मी इथल्या पोलिसातला. पण आपलाच, साताऱ्याकडचा."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अरे वा! या, या. बसा साहेब. इथं आल्यापासून घरच्यांशिवाय कोणाशी धड बोलणंच झालं नाही बघा. चहा टाकतो."

चहा झाला. मग मी फोनवर क्लिप दाखवली. काकांनी ती पाहिली आणि त्यांचे कान लाल झाले.

"फुलं घेतली हो मी. पूजेला."

मग सगळं सांगितलं. गावी ते रोज पहाटे फुलं आणायला जायचे. कुंपणाबाहेर आलेलं फूल घ्यायचं, आतल्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. "पण इथं पुढं कुंपणच नाही हो कुणाला. आपलं कुठवर आणि त्यांचं कुठवर, कळतच नाही. त्या दाराशी कुंडीत जास्वंदीसारखं फूल होतं. खाली वाकलेलं. एकच घेतलं."

आपल्यापैकी कोण हे करत नाही? माझे वडील हवालदार होते, आणि आमच्या लाइनीतल्या प्रत्येक झाडाची फुलं आमच्या देव्हाऱ्यात असायची. ऐकताक्षणी मला हे समजायला हवं होतं. समजलंही असावं. पण माझ्या टेबलावर पाच तक्रारी होत्या, एक चेहरा होता आणि एका चहात काम करून येतो ही माझी ख्याती होती. फुलं घेणारा पार्सल घेणार नाही असं कुठे आहे, असं मी मनाशी म्हटलं.

"काका, पार्सलं गेलीत पाच. लोक चिडलेत."

"त्याला मी हात लावला नाही. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"तुम्ही सांगाल हो. पण केस कोर्टात गेली तर मुलाच्या ग्रीन कार्डचं काय? फाइल अडकली तर?"

इथे थांबून सांगायला हवं. वडिलांवरच्या अशा तक्रारीने मुलाचं ग्रीन कार्ड अडत नाही, हे मला माहीत होतं. इथला कायदा पोलिसाला चौकशीत खोटं बोलू देतो. आणि माणूस त्याच्याच घरात, मोकळा बसलेला असला तर त्याचे हक्क वाचून दाखवायची गरज नसते. म्हणजे नियम मी एकही मोडला नाही. आजवर मला कुणी जाब विचारलेला नाही तो त्यामुळेच.

काकांनी बाळाला पाळण्यात ठेवलं. "मग आता काय करायचं साहेब? तुम्हीच सांगा. तुम्ही घरचे."

"लिहून द्या," मी म्हणालो. "माफीनामा. म्हणजे मिटवता येतं."

एस.टी.त उभा जन्म काढलेल्या माणसाला हे लगेच पटलं. डेपोत एखादा कंडक्टर दांडी मारायचा, ड्रायव्हर वाद घालायचा. त्यांच्याकडून काका लेखी माफी घ्यायचे, समज द्यायचे आणि कागद कपाटात टाकायचे. विषय संपला. माफी लिहून दिली की वरचा माणूस पोटात घालतो, हा आपल्याकडचा अलिखित करार. असे ढीगभर कागद त्यांनी घेतले होते आणि कुणाचीही नोकरी जाऊ दिली नव्हती, हे त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं. मला तो करार माहीत होता. इथे लेखी माफी म्हणजे लेखी कबुली, आणि ती कपाटात जात नाही, सरकारी वकिलाकडे जाते, हेही मला माहीत होतं. त्या घरात या दोन्ही गोष्टी माहीत असलेला माणूस मी एकटा होतो.

त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहायला लागले. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की, माझ्याकडून येथील रहिवाशांच्या दारातील फुले न विचारता तोडण्याची चूक झाली.'

मी म्हणालो, "काका, नुसती फुलं लिहून भागणार नाही. पार्सलंही लिहा."

"पण ती मी घेतली नाहीत."

"कागदापुरतं हो. एकदाचं मिटेल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. वर सुनेचा इंग्रजीत बोलल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "मुलाचं नाव कुठं येणार नाही ना?"

"नाही."

त्यांनी लिहिलं. 'तसेच पार्सले उचलण्याची चूक झाली. पुन्हा असे होणार नाही. सबब माफी असावी.' सही केली, खाली तारीख घातली आणि कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

स्टेशनात मी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि रिपोर्टला जोडलं. सार्जंटने पाठ थोपटली.

चार दिवसांनी सहावी तक्रार आली. आदल्या दुपारचं पार्सल. सार्जंट म्हणाला, "तुझा म्हातारा पुन्हा सुरू झाला." मी तणतणत त्या घरी गेलो. दार सुनेने उघडलं. तिने पुन्हा रजा घेतली होती.

"बाबा चार दिवस घराबाहेर पडले नाहीयेत," ती म्हणाली. "वॉकला पण नाही. खिडकीचे ब्लाइंड्सही उघडू देत नाहीत. तुम्ही नक्की काय बोललात त्यांच्याशी? ते सांगत नाहीत. मी ऑलरेडी त्यांचं तिकीट प्रीपोन केलंय."

गाडीत येऊन मी, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणा, गल्लीतल्या बाकी दारांवरूनही आलेल्या सगळ्या क्लिप सलग पाहिल्या. आणि जे नवख्या शिपायालाही दिसलं असतं ते तेव्हा दिसलं. काका एका क्लिपमध्ये होते. कुरिअरवाला एकाही क्लिपमध्ये नव्हता. पार्सल दारात आलंच नाही तर चोरलं कुणी?

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तक्रारदारांकडे डिलिव्हरीचा फोटो मागितला. हल्ली पार्सल ठेवून फोटो काढायची पद्धत आहे. तो सहाही जणांच्या फोनमध्ये होता. सहाही फोटोंत एकच हिरवं दार, एकच फाटकी पायपुसणी. त्यांच्यापैकी कुणाचंही दार हिरवं नव्हतं. क्लिपमधला चोर पाहण्यात सगळे इतके दंग, की फोटो कुणी उघडून बघितला नाही. कुरिअर कंपनीला विचारावं तर चॅटवर यंत्र बोलायचं, आणि ते एकच सांगायचं: डिलिव्हर्ड.

हिरवं दार मागच्या रस्त्यावर सापडलं. रिकामं घर, विकायला काढलेलं, दलालाची पाटी लावलेली. कुरिअर कंपनीच्या नकाशात या गल्लीतले काही पत्ते मागच्या रस्त्यावरच्या याच घरावर दाखवले जात होते. व्हरांड्यात सहाही खोकी एकावर एक, पावसाने मऊ पडलेली. माझ्या गाडीपासून पाच मिनिटं चालायचं अंतर. चोरीच झाली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता आणि फाशी मी माझ्या हाताने लिहून घेतली होती.

रिपोर्टवर 'तथ्य नाही' असा शेरा मारून केस बंद झाली. काकांचा कागद मात्र फाइलमधून काढता येत नव्हता, नियम नियम असतो. तो अजून तिथे आहे, माझ्या भाषांतरासकट. ज्या बाईंनी क्लिप टाकली होती त्यांनी ती काढली. पण इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती फिरत राहिल्या. कॅमेऱ्याच्या कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, की ती जबाबदारी त्या त्या ग्राहकाची.

हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. बॅगा भरून हॉलमध्ये ठेवल्या होत्या. मुलगाही होता. मी म्हणालो, पार्सलं सापडली, केस संपली. मनात ठरवून गेलो होतो की पुढचंही बोलायचं: ग्रीन कार्डचं मी खोटं सांगितलं, तो कागद तुमच्याकडून मी घ्यायला नको होता.

काका उठले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, त्याने मला हात जोडले. "तुम्ही होता म्हणून निभावलं साहेब. दुसरा कोणी गोरा अधिकारी असता तर मला बेड्याच पडल्या असत्या." मुलाला म्हणाले, "बघ, आपला माणूस तो आपला माणूस." मुलगा म्हणाला, "थँक यू सो मच सर, खरंच. आम्ही जाम टेन्शनमध्ये होतो यार."

आणि मी म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं."

सुनेने बेसनाचा लाडू पुढे केला. तो मी खाल्ला. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटतं तिला कळलं होतं.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर कॅमेऱ्यांबद्दल आणि कंपन्यांबद्दल बोलणं सोपं आहे. कॅमेऱ्यापुढे माणूस सावध तरी असतो. माझ्यापुढे काका सावध नव्हते, कारण मी त्यांना काका म्हटलं होतं. आपली भाषा, आपलं गाव, आपला चहा, हे सगळं मी हत्यार म्हणून वापरलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कुठल्याही देशी घरात मी चहा घेतला नाही, आणि पहिलं वाक्य एकच बोललो: वकिलाशिवाय माझ्याशी बोलू नका. सार्जंटला ते आवडलं नाही. पण त्याने काकांचं काही भरून निघालं नाही. ते परत कधी अमेरिकेला आले नाहीत. नातवाला फोनवर बघतात.

दर दिवाळीला त्यांचा मेसेज येतो. साहेब, आपणास व कुटुंबीयांस शुभेच्छा, तुमचे उपकार विसरणार नाही. दरवर्षी मी ठरवतो की या वेळी खरं लिहायचं, आणि दरवर्षी 'धन्यवाद काका' लिहून फोन ठेवून देतो.

वर कुणाचंही नाव मी घातलेलं नाही. काका मराठी मासिकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. हे वाचलं तर ते ओळखतील. ओळखावं, म्हणूनच लिहिलं आहे.