‘हाय’ म्हणजे हॅलो नव्हे

आज सकाळी आम्ही आमच्या नव्या मेट्रोचा मुख्य कम्प्युटर मुद्दाम बंद केला.

आणि गाड्या चालत राहिल्या!!

घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण आप्पाला जाऊन आज वर्ष झालं आणि हे काम मुळात त्याचंच आहे. म्हणून आजच लिहिणार.

आप्पा म्हणजे माझा बाप. पोशीर गावचा. भातशेती सांभाळून माथेरानच्या मिनी ट्रेनवर ब्रेकवाला.

त्या गाडीला डब्यांवर माणसं असतात. इंजिनाची शिट्टी वाजली की ज्याने त्याने आपापला ब्रेक हाताने आवळायचा.

वर धुकं उतरलं की शेजारचा डबासुद्धा दिसायचा नाही. मग मागच्या डब्यावरचे गणपतकाका आवाज द्यायचे,

"हाय?"

आप्पा ओरडायचा, "हाय!"

म्हणजे, आहेस ना? आहे. नियमात हे कुठेच नव्हतं, दोघांचं आपसातलं होतं.

लहान असताना मी विचारलं होतं, "आन् जबाब नाय आला तर?"

"तर पयला ब्रेक लावायचा. मग बघायचं. आन् त्याचा ब्रेक पण आपुन धरायचा."

"मग?"

"मग काय? गाडी डोंगरात ठेवून घरी येऊ काय गं?"

रिटायर झाल्यावरही यांचं चालूच! घरं समोरासमोर. रोज सकाळी काका ओट्यावरून "हाय?" आणि आमच्या पडवीतून "हाय!" मी वैतागायची, इथं कुठं धुकं हाय, आप्पा?

मला मेट्रोच्या सिग्नलच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली तेव्हा त्याने एकच विचारलं.

"तुमचा मोठा कम्प्युटर झोपला तर?"

"तो नाय झोपत, आप्पा."

"मंग तो अजून कामाला लागला नसंल."

हसले खूप. पण ते डोक्यात बसलं ते बसलंच.

तीन वर्षं खपून आम्ही प्रत्येक स्टेशनला स्वतःचा कम्प्युटर दिला. तो आपल्यापुरतं स्वतः ठरवतो आणि दर सेकंदाला दोन्ही शेजाऱ्यांना एक मेसेज पाठवतो. त्या मेसेजचं नाव मी ठेवलं, ‘हाय’.

टीममधला रवी म्हणाला, "सो क्यूट! कम्प्युटर हाय-हॅलो करतात!"

मी हसून पुढच्या कामाला लागले.

साहेबांनी मात्र बजावलं होतं, "टेस्टमध्ये फसलं तर हे सगळं काढून टाकायचं. पहिल्यासारखं एकाच ठिकाणाहून चालवू."

तर आज. रिकाम्या तीन गाड्या रुळावर, आम्ही तिसऱ्या स्टेशनच्या खोलीत. मुख्य कम्प्युटर बंद केला आणि गाड्या आरामात चालल्या. टाळ्या!

तेवढ्यात साहेबांनी कुणालाही न सांगता चौथ्या स्टेशनचा कम्प्युटरही बंद करायला लावला.

स्क्रीनवर दुसऱ्या स्टेशनचं ‘हाय’ आलं. चौथ्याचं येईना.

चौथ्याकडे निघालेल्या गाडीने ब्रेक लावला. उभी.

साहेब माझ्याकडे बघतायत. गेली तीन वर्षं पाण्यात, असंच वाटलं मला.

आणि मग तिसऱ्याने आणि पाचव्याने चौथ्याचं काम अर्धं अर्धं वाटून घेतलं.

गाडी हलली! हळूच, पण हलली हो!!

मी किंचाळले, "हाय! आप्पा, हाय!"

रवी म्हणाला, "अगं, हाय कुणाला करतेस?"

मग सांगितलं सगळ्यांना. साहेब चष्मा पुसत बसले. म्हणाले, "नाव बदलू नका."

वर्षापूर्वी आजच्याच सकाळी काकांनी ओट्यावरून आवाज दिला आणि जबाब आला नाही. काठी टेकत टेकत तेच आधी पोचले. मला फोनही त्यांनीच केला.

मी ब्रेक लावला. दिवसकार्य उरकून घराला कुलूप घातलं ते आजतागायत पोशीरला गेले नाही. आप्पाची रिकामी पडवी बघवणार नव्हती मला.

शेजारची वहिनी परवा फोनवर म्हणाली, "काका अजून रोज आवाज देत्यात गं. बंद दाराला."

ब्रेक लावल्यावर पुढे काय करायचं, ते आप्पाने सांगितलं होतं. मीच विसरले होते.

आप्पा, तुझी पोर आज जिंकली रं. तू हवा होतास. खूप हवा होतास.

आता संध्याकाळच्या गाडीने निघते. आज कुलूप काढते, पडवी झाडून घेते.

उद्या सकाळी काकांनी "हाय?" म्हटलं की जबाब द्यायला मी हाय.

तू जा निवांत.