डावीकडे कलणारी होडी

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवली आणि एकदाही माप चुकलं नाही. हे मी नाही म्हणत, ते स्वतःच सांगतात, दिवसातून दोनदा. माझ्या ओट्याखालच्या कपाटाचं दार मात्र कित्येक वर्षं एकाच बिजागरीवर लटकतंय. घरच्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो!

तर या माणसाने काम थांबवलं आणि दुसऱ्याच महिन्यात अंगणात एक होडी आणून ठेवली. बारा फुटी, पत्र्याची, तळ ताटासारखा सपाट, जागोजागी पोचे आलेली. पूल झाल्यापासून नावाड्याकडे ती पालथी पडून होती.

"अहो, हे काय आणलंत?"

"दादासाठी," ते म्हणाले.

दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. शाळेत खेळाचे मास्तर होते. देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा. ह्यांना ते अजून बारक्या म्हणतात. बारक्याला गळ टाकायला त्यांनीच शिकवलं, आणि तेव्हापासून दर रविवारी दोघे भाऊ नदीवर. मग दादांचे गुडघे गेले. ऑपरेशननंतर चालायला लागले, पण खाली बसलं की उठता येईना. मागच्या वर्षी भाड्याच्या होडीत ते असेच अडकून बसले आणि चौघांनी धरून त्यांना बाहेर काढलं. काठावरचे लोक हसले. दादांनी घरी येऊन गळाची काठी शेजाऱ्याला देऊन टाकली आणि माझ्या जाऊबाईंना म्हणाले, "आता मी म्हणजे होडीत नुसतं वजन." त्यानंतर नदीचं नाव नाही. एवढा मोठा माणूस, दिवसभर खिडकीत बसून राहायचा.

ह्यांनी होडी सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर चढवली आणि रोज सकाळपासून ठोकाठोक सुरू झाली. पाण्यात टिकणारं प्लायवूड आणून डाव्या बाजूला कपाटांची रांग बसवली. गळांना वेगळा खण, दोऱ्याच्या रिळांना वेगळा, शिशाच्या वजनांना वेगळा, वर चहाच्या थर्मासला गोल भोक पाडलेली फळी. प्रत्येक खण बोटाने ढकलला तरी सरकेल असा.

"नदीवर मासे धरायला निघालात की संसार थाटायला?" मी म्हटलं.

उजवीकडे न्हाव्याच्या दुकानातून आणलेली जुनी खुर्ची बसवली. उंच, हाताची, पाठीला टेकण असलेली. शेजारी धरून उठायला स्टीलचा दांडा. त्या दांड्याला ते स्वतः दहा वेळा लटकले. सुतळीएवढा माणूस लटकून काय कळणार!

रविवारी टेम्पोतून होडी नदीवर नेली. दादा आले, पण आधीच बजावून. "मी काठावरून बघणार. बस म्हणायचं नाही."

हे म्हणाले, "नाही म्हणत."

होडी पाण्यात सोडली, हे चढले, आणि होडी जी डावीकडे कलली ती कललीच. पाणी होडीच्या काठाशी आलं. थर्मास गडगडला. अहो, चाळीस वर्षं कपाट करायचं ते भिंतीला लावून! होडीला भिंत कुठे असते? सगळं लाकूड, सगळं शिसं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला रिकामी खुर्ची. मला हसू आवरेना.

"मिस्त्री, होडी कुशीवर झोपली की काय?" नावाडी ओरडला.

"बारक्या, उजवीकडे सरक!" दादांचा मैदानावरचा आवाज वर्षभराने निघाला. हे सरकले. होडीने ढुंकूनही पाहिलं नाही.

"वाळूची दोन पोती टाका उजवीकडे," नावाडी म्हणाला. "आणू का?"

"पोती कशाला?" दादा चिडले. "बारक्याला उभं राहता येत नाही नीट, आणि पोती टाकतायत! धर रे ती होडी."

नावाड्याने होडी धक्क्याला दाबून धरली. दादांनी दांडा पकडला, एक पाय आत, मग दुसरा, आणि खुर्चीत बसले. होडी हलली, डुलली, आणि पाण्यावर अशी सरळ बसली की मी हसायची थांबले. ह्यांचं माप पहिल्यांदा चुकलं होतं आणि मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

त्या दिवशी बोटभर लांबीचे दोन मासे मिळाले. दादा दांडा धरून आपले आपण उठले आणि घरी आल्यावर मासा हातभर होता म्हणून सांगत सुटले.

पुढे पावसाळ्यात नदीचं पाणी वाढलं तेव्हा ह्यांनी होडी परत अंगणात आणली आणि रंग द्यायला सगळी कपाटं काढली. मी म्हटलं, "आता निम्मी उजवीकडे लावा. दोन तासांचं काम." दादांच्याही ते कानावर गेलं असावं. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. चहा घेईनात. होडीभोवती हात मागे बांधून दोन चकरा मारल्या.

"सरळ करतोयस म्हणे होडी."

हे पेन्सिल कानामागे खोचून उभे होते. मापाची टेप हातात. त्यांनी दादांकडे पाहिलं, मग होडीकडे, आणि एकेक कपाट उचलून परत डावीकडे, जुन्याच भोकांवर बसवायला घेतलं.

"नाही जमत, दादा. माप चुकतंय."

चाळीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दादांनी खाली पडलेला स्क्रू उचलून त्यांच्या हातात दिला.

"राहू दे मग," ते म्हणाले. "मी आहे ना."

आणि मला म्हणाले, "चहा टाक गं."