आखूड धुराडं

उचगावच्या कडेला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर माझी खानावळ आहे. हातगाडीवर अंडाभुर्जी विकत मी इथवर आलो; कुणी बोट धरून आणलं नाही. जागा, पत्रे, भांडी, सगळं घासाघीस करून घेतलं. समोरच्याने भाव सांगितला की माझा आवाज आपोआप चढतो, आणि माझा आवाज चढला की समोरचा बहुतेक वेळा खाली येतो. हा माझा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

खानावळ बांधली तेव्हा दारावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी. लोक गाड्या थांबवतात ते यासाठीच. त्यांच्या घरी गॅस असतो, बायका धुरातून सुटलेल्या असतात. मग सुट्टीच्या दिवशी त्यांना धुराच्या वासाची आठवण येते. मला ते नेमकं कळलं होतं. म्हणून स्वयंपाकघराच्या धुराड्यावरून मी गवंड्याशी भांडलो.

"मालक, पत्र्याच्या वर माणूसभर न्यायला लागंल," तो म्हणाला. "न्हायतर पन्हाळ्याकडचा वारा सुटला की धूर माघारी येणार."

"माणूसभर कशाला? आभाळाला वास द्यायचाय व्हय मला? रस्त्यावरच्या माणसाला वास गेला पायजे. हातभर काढ आणि तोंड हायवेकडं कर."

"आत तुमच्या मंडळीच बसणार न्हवं?"

"ती माझी मंडळी हाय, तुझी न्हवं. इटा लाव."

त्याने विटा लावल्या.

दोन्ही वेळच्या भाकऱ्या माझी बायको थापायची. पावसाळ्यात स्वयंपाकघरात तिचा चेहरा दिसायचा नाही, थापण्याचा आवाज तेवढा यायचा. मी आत डोकावायचो, डोळे चुरचुरले की बाहेर यायचो. "जळण वलं हाय, जरा सुकं बघून आणा की," ती म्हणायची. मी लाकूडवाल्याकडे जाऊन भांडायचो. भांडायला माणूस मिळाला की मला बरं वाटायचं. मान वर करून धुराड्याकडे मात्र मी एकदाही बघितलं नाही.

तिला खोकला लागला तेव्हा आम्ही तो हवेवर ढकलला. मग तो उन्हाळ्यातही जाईना. गेल्या वर्षी नळावरून कळशी आणताना ती पायरीवर बसली ती बसलीच. तोंड उघडं, शब्द फुटेना.

कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "मावशी, विडी-सिगारेट?"

"अगं बाई! मिश्री तेवढी लावते सकाळी. वडत न्हाय."

"चूल?"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात एक नळी दिली आणि जोरात फुंकायला सांगितलं. फुंकणीने चूल पेटवण्यात जिचा जन्म गेला, तिचा श्वास त्या नळीत अर्ध्यावरच संपला. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तसंच. वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसातल्या वाटा आकसल्यात, त्या म्हणाल्या. ओढायचं औषध दिलं, आणि यापुढे धुराजवळ जायचं नाही असं बजावलं.

"औषध जादा घेतलं तर किती माघारी येईल?" मी विचारलं. "निम्मं तरी?"

"काका, गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायचं."

मी आवाज चढवला. त्या खाली आल्या नाहीत. माझं बोलून होईपर्यंत थांबल्या आणि तेच पुन्हा सांगितलं.

परतताना मी म्हणालो, "उद्यापासनं तू आत बसायचं न्हाईस. मुडशिंगीची एखादी बाई ठेवतो चुलीवर."

"आणि तिच्या छातीला काय पत्रा ठोकलाय?"

मी औषधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग तीच म्हणाली, "धुराडं आखूड हाय ते मला पयल्या पावसातच कळलंतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्याशी बोलायचं म्हंजे भांडायचं. मला भाकऱ्या असायच्या."

मागच्या अंगणात, उघड्यावर चूल घालायला मी त्याच गवंड्याला बोलावलं. तो आधी धुराड्याकडे बघत उभा राहिला. माझं डोकं फिरलं. "बघतोस काय? तवा भांडला का न्हाईस माझ्याशी?"

"तुमच्याशी कोण भांडतंय, मालक? तुमी म्हणशीला तसं करायचं आणि घरला जायाचं."

त्या बोलण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गवंड्यावर राग आहे, लाकूडवाल्यावर आहे, तिच्यावरसुद्धा आहे. इतक्या वर्षांत एकाने तरी माझ्यापुढे हटून बसायला हवं होतं.

आता भाकरी गॅसवर होते आणि दारावरची 'चुलीवरची भाकरी' ही अक्षरं मी पुसून घेतली आहेत. मटण मी शिजवतो, अंगणातल्या चुलीवर. वारा फिरला की धूर तोंडावर येतो, मग मी उठून दुसऱ्या बाजूला बसतो. तिला उठता येत नव्हतं, तव्यावर भाकरी असायची.

"भाकरी गॅसवरची हाय की, पावणं!" गिऱ्हाईक ताटावरून ओरडतं. पूर्वी मी त्याच्या बापापर्यंत गेलो असतो. आता "व्हय" म्हणतो आणि रस्सा वाढतो. काही जण परत येत नाहीत.

दुपारी आम्ही दोघं घरी चालत जातो. वाट एवढीशी आहे, पण ती दोनदा थांबते. तिला थांबलेलं बघितलं की मीही थांबतो, चप्पल काढतो आणि आपटून खडा पाडल्यासारखं करतो.

काल ती म्हणाली, "रोज खडा जातो व्हय तुमच्या चपलंत?"

"जातो."

"बरं," ती म्हणाली, आणि कुंपणाला हात टेकून दम खाली बसेपर्यंत उभी राहिली. मी दुसरी चप्पल काढली.