मावशी म्हणून केलेली सही

अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी समजलं नाही, हाताला येईल तसं काढते. शिवाय काजूच्या टरफलातलं तेल लागून लागून बोटांची टोकं काळी आणि कडक झाली आहेत, पेन नीट धरता येत नाही. ही वही मुलीची जुनी आहे, मागची पानं कोरी होती. वाचणार कोणी नाही. पण माफी मागितल्याशिवाय मला कुठे शिरताच येत नाही, वहीतसुद्धा.

आमचं घर कट्टा गावाच्या एसटीने दोन थांबे अलीकडे. नवरा देवगडला बोटीवर असतो, महिन्यातून एकदा येतो. घरात मी आणि मुलगी. पडवीत काजू कापायचं मशीन आहे. कारखान्याचा माणूस उकडलेल्या बियांची पोती टाकून जातो आणि गर घेऊन जातो. पायाने दाबलं की बी कापली जाते, हाताने दांडा ओढला की टरफल उघडतं. खट्, कर्र. खट्, कर्र. दिवसभर हाच आवाज. मला तो ऐकूही येत नाही आता.

मुलीला ऐकू आला. ती मालवणला कॉलेजात जाते. दोन वर्षांपूर्वी एकदा ती माझ्या मागे मोबाइल धरून बसली. मी काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "गप काम कर गो आये. बीट घेतंय."

मग मला कळलं की ती रॅप करते. म्हटलं, कसलं गाणं ते. म्हणाली, "गाणा न्हय. बोलणा. ठेक्यार बोलणा."

"गाऱ्हाणा घालतत तसा?"

"तसाच समज. फक्त देवाक नाय, लोकांक."

ती ओढणी नाकापर्यंत गुंडाळते, काळा चष्मा लावते आणि मालवणीत बोलते. बसची वाट बघणं, बंदरावरचा मासळीचा भाव, मुंबईहून सुट्टीला येऊन आमच्या भाषेला हसणारी माणसं, असलं सगळं. नेटवर तिने दुसरंच नाव घेतलंय. ते नाव इथे लिहीत नाही, आणि घरातलंही लिहीत नाही. घरात ती दोन वाक्यं धड बोलत नाही, माझ्यावरच गेली आहे. ओढणी बांधली की मात्र थांबत नाही. हे हिप-हॉपवाले सगळे असंच दुसरं नाव घेतात, असं ती सांगते. पहिल्यांदा दूरदेशी गरीब वस्तीतल्या पोरांनी सुरू केलं, आता आमच्या पडवीपर्यंत आलं.

मशीनच्या आवाजावर तिला अजून काहीतरी हवं होतं. तिने मला फुगडीतला फू घालायला लावला. आमच्याकडे गणपतीत फुगडी रंगात आली की बायका तोंडाने फू-फू असा ठेका धरतात, आणि दोन वाड्यांच्या बायका एकमेकींना गाण्यातून टोमणे मारतात. त्या ओळी मी खूप जोडल्या आहेत. पण समोर कधी उभी राहिले नाही. मी मागे उभी राहून पुढचीच्या कानात सांगायची आणि ती म्हणायची. माझी ओळ दुसरीच्या तोंडून ऐकून समोरची वाडी चिडली की मला मागे उभ्या उभ्या फार बरं वाटायचं.

तर मी फू घातला आणि जुनी एक ओळही म्हटली. मुलीला अट घातली. "माझा नाव घेव नको. माझा तोंड दाखव नको. कोण इचारल्यान तर माझा म्हनान सांगा नको."

"नाय सांगनंय," ती म्हणाली.

ते बऱ्याच लोकांनी ऐकलं म्हणे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी बिया कापत होते.

दिवाळीनंतर एका दुपारी एक बाई आली. तीसएक वर्षांची, पाठीवर बॅग, घामाने भिजलेली. पायरीवर बूट काढून ठेवले आणि नमस्कार केला. शहरातल्या विद्यापीठात ती संशोधन करते. आपल्या बोलीत रॅप करणारी मुलं-मुली नेटवर स्वतःची ओळख कशी तयार करतात, त्यावर तिला मोठा प्रबंध लिहायचाय. माझ्या मुलीशी मेसेजवर बोलणं झालं होतं. मुलगी कॉलेजातून यायची होती.

मी पाणी दिलं आणि परत मशीनवर बसले. रिकाम्या हाताने परक्या माणसासमोर बसणं मला जमत नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, एक आधीच सांगते. तिच्या आईबद्दल मला माहीत आहे. मी तो विषय काढणार नाही. तिला त्रास होईल असं काही विचारणार नाही."

"आईबद्दल काय?"

"त्या गेल्या, ते."

बी पात्यात होती. माझा पाय तसाच राहिला. तिला वाटलं मला वाईट वाटलं. तिने मोबाइलवर दाखवलं. गाण्याच्या खाली कोणीतरी विचारलं होतं, सुरुवातीचा तो बाईचा आवाज कोणाचा. त्याखाली माझ्या मुलीने लिहिलं होतं, 'आवशीचो.' मग लोकांनी तिला दाखव म्हटलं, त्यावर 'ती आता नाय.' आणि त्याच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांगच रांग.

"तुम्ही तिच्या कोण?" तिने विचारलं.

खरं सांगितलं असतं तर मुलगी खोटी पडली असती, ती घरात यायच्या आधीच. मी म्हटलं, "मी मावशी."

तिने विचारून छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र माझ्यासमोर ठेवलं. "तुमच्या बहिणीबद्दल थोडं सांगाल? जमेल तेवढंच."

मला वाटलं दोन शब्द बोलून उठेन. उठले नाही. मी माझ्याबद्दल 'होती' म्हणत बोलायला लागले आणि बोलतच राहिले. ती लाजाळू होती. ती फुगडीत मागे उभी राहायची. ती चौथीत पहिली आली होती. पाचवीसाठी पलीकडच्या गावच्या शाळेत गेली तर गुरुजींनी नाव सांगायला उभं केलं. वर्ग भरलेला, सगळे वळून बघत होते, नाव तोंडातून निघेना. गुरुजी ओरडले नाहीत, नुसते वाट बघत राहिले, तेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. घरी कोणी का म्हणून विचारलं नाही. घराला दोन हात मिळाले होते.

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

मान वर केली तर दारात मुलगी. खांद्यावर बॅग, चपला पायातच. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, चाय ठेवलंस?"

निघताना संशोधनवालीने एक कागद पुढे केला. आधी सगळा वाचून दाखवला. माझं नाव कुठे छापणार नाहीत. मी दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. खाली सही, आणि त्याखाली 'नातं' असा रकाना. मी सही केली आणि रकान्यात 'मावशी' लिहिलं. तिने दोन हजार रुपयांचं पाकीट दिलं. माझा दिवस मोडला त्याचं मानधन आहे, विद्यापीठाचा नियमच आहे, असं म्हणाली. मी नको म्हटलं, मग घेतलं. पुढच्या आठवड्यात मुलीच्या परीक्षेची फी भरायची होती, त्यात ते गेले.

ती पायवाटेवरून दिसेनाशी झाली तेव्हा मी मुलीला म्हटलं, "माका मारलंस कित्याक गो?"

"तूच सांगलंस, माझा म्हनान सांगा नको. पन आवस म्हनान लिवन गेलंय, आनी मगे लोकांक तू दिसाक व्हयी झालंस. म्हनान 'नाय' म्हटलंय. नाय म्हटला की कोन फुडे इचारना नाय."

"सोपा वाटला तुका."

"आनी तू कित्याक मावशी झालंस?"

"तुझो खोटेपना झाकूक."

चहाचे कप उचलत ती म्हणाली, "मावशी बरी आसा. आवशीपेक्षा बोलता."

शेजारणीला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ती पोट धरून हसली. "मेले, खोट्या मरनान तुझा आयुष्य वाढला. आता आनी धा वर्सा काजी कापीत बस."

हसण्यावारी गेलं असतं. पण तो कागद माझ्या डोक्यातून जाईना. आयुष्यात मी सह्या तरी किती केल्या असतील, रेशनच्या दुकानात, बँकेत. त्यातली ही एक खोटी.

शिमगा झाल्यावर संशोधनवालीने लिहिलेली काही पानं मुलीच्या मोबाइलवर पाठवली. काही चुकलं असेल तर सांगा, असं लिहिलं होतं. मुलीने पडवीत बसून वाचून दाखवलं. अर्धं डोक्यावरून गेलं. जे कळलं ते असं, की ही मुलगी गेलेल्या आईचा श्वास बीटमध्ये जपून ठेवते, चेहरा झाकते कारण दुःख झाकायचं असतं, आणि आईचा आवाज आता फक्त नेटवर जिवंत आहे. फार छान लिहिलं होतं. मला माझंच वाईट वाटलं.

मुलगी वाचायची थांबली. "ह्या पुस्तकात जातला आये. मोठे लोक ह्या वाचून तिची परीक्षा घेवचे आसत."

"मगे तिका खरा सांगाक व्हया."

"सांगलंस तर माझा काय? आमच्या रॅपवाल्यांत खोटी म्हटल्यार संपला. जगलंस ताच बोलूचा, ह्यो एकच नियम आसा. लोक माझ्यार थुकतले."

"आनी मी जगलंय ता काय झाला? ता कोनाच्या नावार जाता?"

ती उठली. विहिरीवर गेली, कळशी घेऊन आली. हात पुसले, मोबाइलवर नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. मी परक्या माणसाशी फोनवर बोलत नाही, हे तिला ठाऊक आहे. मशीनचा दांडा धरावा तसा मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी मावशी नाही," मी म्हटलं. "मी आई. मी आहे."

पलीकडून काही आवाज आला नाही. मला पाचवीचा वर्ग आठवला. पण या वेळी मी थांबले नाही, सगळं सांगून टाकलं, कागदावरच्या सहीपर्यंत.

"चार महिने मी त्या प्रकरणावर बसले आहे, काकू," ती शेवटी म्हणाली. आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. मग म्हणाली, "दोन्ही आवाज मी कितीदा ऐकले. बहिणींचे आवाज किती सारखे असतात, असं तळटीपेत लिहूनसुद्धा ठेवलंय." आणि तिला हसू आलं. मला रडू आलं, पण फोनवर ते कळलं नसावं.

ती म्हणाली, मावशीने सांगितलेलं ती वापरणार नाही. वापरायचं तर मी आई म्हणून पुन्हा परवानगी द्यायला हवी, आणि जमेल तर स्वतः लिहून पाठवावं. घाई नाही. माझी दोन पानं लिहून व्हायला पंधरा दिवस लागले. मुलीने फोटो काढून पाठवली, तिला एकही चूक सुधारू दिली नाही. नवा कागद आला, त्यावर नवी सही केली. ती लिहायची सवय लागली, म्हणून ही वही.

संशोधनवालीने प्रकरण नव्याने लिहिलं. त्यात आता लाज आहे, मागे उभं राहणं आहे, आणि एका मुलीने आईचा शब्द पाळण्यासाठी केलेली चूक आहे. नावं कोणाची नाहीत. आधीच्याइतकं छान वाटत नाही, पण ऐकताना मान खाली घालावी लागली नाही.

मुलीनेही सांगून टाकलं. चष्मा काढला, ओढणी तशीच ठेवली आणि बोलली, की माझी आवस जिती आसा, लाजता म्हनान पाठीमागे ऱ्हवता, तिचा मरान मी लिवलंय, तिना न्हय. लोकांनी शिव्या दिल्या. खोटारडी, सहानुभूती विकली, असं बरंच काही. बरेच जण सोडून गेले. आठवडाभर ती नीट जेवली नाही. एका बाईने मात्र लिहिलं की माझीही आई अशीच मागे उभी असायची. ते मुलीने मला तीनदा वाचून दाखवलं. पुढच्या गाण्याला तिने परत फू मागितला. मी घातला. खाली 'आवस' एवढंच लिहिलं आहे. तेवढं चालेल म्हटलं.

राहिले ते दोन हजार. संशोधनवाली परत घेईना. तुमचा दिवस मोडलाच होता ना, म्हणाली. मी म्हटलं, ते मावशीला दिले होते, आणि मला बहीणच नाही. तिला ते पटलं. मग म्हणाली, "बरं, तुम्हाला जमेल तसे."

काजू कापल्याचे पैसे आले की दर वेळी पाचशे, असे मुलीच्या मोबाइलवरून पाठवत गेले. मुलगी आकडा टाकायची, शेवटचं बटण मी दाबायची. काळं बोट मोबाइलला लवकर कळत नाही, दोन-तीनदा दाबावं लागतं.

आज चौथे पाचशे गेले. बटण पहिल्याच दाबण्यात लागलं. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, मुलीने वाचला. 'मिळाले, काकू. पूर्ण झाले.'

"मावशी सुटली," मुलगी म्हणाली, आणि पोतं उघडून माझ्यासमोर बिया ओतल्या.