बुधवारचं बाकडं आणि दोन सारख्या बाटल्या

उसाच्या फडात पाचट कुणी मुद्दाम साठवत नाही. एकेक पान वाळतं, गळतं, आणि एक दिवस खाली बघावं तर गुडघाभर थर. किश्श्यांचंही तसंच. बारामतीच्या एका दवाखान्यात, लहान मुलांच्या किडनीच्या खोलीबाहेर, एक लांब बाकडं आहे. एक बुधवार आड असं करत मी तिथं दोन वर्षं बसलो. बसलो नातीसाठी, किस्से आपोआप साठले.

मला लिहिता येत नाही. मी बोलतो, सूनबाई वहीत उतरवते आणि माझं हाय-न्हाय सरळ करते. काही उलटंसुलटं वाटलं तर दोष तिचा नाही. मलाच ह्यातलं बरंचसं अजून समजलेलं नाही.

*

नात पूर्वा, तेव्हा सहा वर्षांची. आमचं गाव लोणी देवकरच्या अलीकडं. मुलगा तिथं कंपनीत, सूनबाई डाळिंबाच्या बागेत, म्हणून पोरीचं बघणं माझ्याकडं.

एकदा पोरगी अंगानं भरायला लागली. गाल वर आले, पोट दिसायला लागलं. शेजारीपाजारी म्हणाले, आबांनी नातीला चांगलं दूध पाजलं. मी आयुष्यभर गावच्या डेअरीवर दूध घालून घेण्याचं काम केलं, त्यामुळं मला ते खरंच वाटलं. आठवडाभर मी छाती काढून हिंडलो.

मग एका सकाळी तिचे डोळे उघडेनात आणि पायात चप्पल शिरेना.

डॉक्टरीणबाई तरुण, आवाज मऊ. त्यांनी कागदावर चाळण काढून दाखवली. म्हणाल्या, किडनी ही चाळण. पूर्वाच्या चाळणीची भोकं मोठी झालीत, त्यातून अंगातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातंय, म्हणून सूज.

मी विचारलं, भोकं मोठी कशानं झाली?

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही, आबा. तेच शोधतोय आम्ही."

मी भिंतीवरची सर्टिफिकिटं मोजली. पाच होती. पाच सर्टिफिकिटं असून माहीत नाही, तर माझं काय, असं मनाशी म्हणालो आणि मला जरा बरंच वाटलं.

*

गोळ्यांनी सूज उतरली. मग शैला सिस्टरांनी मला पट्टीचं काम शिकवलं. ह्या सिस्टर जळोचीच्या, बोलायला खणखणीत. रोज सकाळी पोरीच्या लघवीत कागदाची पट्टी बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. मी खूश झालो. अक्षर येत नसलं तरी रंग येतो. दुधाचा नुसता रंग बघून त्यात पाणी आहे का ते सांगणारा माणूस मी.

महिनाभर पट्टी पिवळी. मग एका सकाळी हिरवट आली, दुसऱ्या दिवशी हिरवी, तिसऱ्या दिवशी तर गर्द हिरवीगार. मी घरात सांगितलं, पोरीला गुण आला. गावात गूळ-शेंगदाणे वाटले.

चौथ्या दिवशी पूर्वाचे डोळे परत सुजले.

सिस्टरांनी वहीत चिकटवलेल्या पट्ट्या बघितल्या. "आबा, तीन दिवस हिरवी येत होती, तर फोन का केला नाही?"

"हिरवी आली म्हणूनच न्हाय केला."

मी म्हणालो, बाई, पीक पिवळं पडलं की आमच्या पोटात गोळा येतो आणि हिरवं झालं की जीव भांड्यात पडतो. सगळा जन्म तसाच गेला. तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर सांगितलं असणार, पण घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात ते आपल्या जागेवर जाऊन बसलं.

सिस्टर रागावल्या नाहीत. डबीवर हिरव्या रंगाशेजारी त्यांनी पेनानं एक रडकं तोंड काढून दिलं. ती डबी मी अजून ठेवली आहे. पण ते तीन दिवस माझे. ते कुणी खोडून देणार नाही.

*

ह्या दुखण्याच्या औषधानं चेहरा गोल होतो. एसटीत शेजारी एक बाई बसली होती. तिनं पूर्वाच्या गालाला हात लावला आणि विचारलं, काय खातीस गं, एवढं बाळसं?

पूर्वानं तिला वेळेसकट सांगितलं, "सकाळी चार गोळ्या, जेवण झाल्यावर."

बाई इंदापूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसली.

*

दुखणं असं परत परत उलटायला लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका औषधाच्या अभ्यासात घेतलं. त्या दिवशी बाकड्यावर सुप्याचे सुदामतात्या भेटले. कांदा करणारे, चार शेरडं बाळगून असलेले, माझ्याच वयाचे. त्यांचा नातू गणेश, पूर्वापेक्षा वर्षानं मोठा, दुखणं तेच.

बाईंनी कागद वाचून दाखवला. सर्दी-खोकला झाला की हे दुखणं उलटतं. एक जादा गोळी रोज दिली तर उलटायचं थांबतं का, ते वर्षभर बघायचं. नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच राहतील. पण अर्ध्या मुलांच्या बाटलीत खरी गोळी आणि अर्ध्यांच्या बाटलीत तशीच दिसणारी साधी गोळी.

तात्यांनी विचारलं, "आमच्या गणेशला कुठली?"

"माहीत नाही."

"आन् तुमाला?"

"मलाच माहीत नाही, तात्या. लांबच्या ऑफिसात एका पाकिटात लिहून ठेवलंय. आम्हाला कळलं, तर आमच्या बघण्यात फरक पडतो."

तात्या माझ्याकडं वळले. "आबा, बी कुठलं ते पेरणाऱ्याला ठावं न्हाय, रानाच्या मालकाला ठावं न्हाय, आन् उगवायची वाट दोघांनी बघायची. असली शेती तुमी कदी केली का?"

मी म्हणालो, नाही केली. पण दोघांनीही अंगठे केले. कागदात शेवटी असं होतं, की वाटेल तेव्हा बाहेर पडा, कारण सांगावं लागणार नाही. तात्यांना सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटली. ते म्हणाले, आमच्या सोसायटीत मेल्याशिवाय नाव निघत नाही.

*

पहिल्या तपासणीला सिस्टरांनी मोठा कॅन दिला. एक दिवस-रात्र पोराची सगळी लघवी त्यात साठवून आणायची.

पुढच्या बुधवारी माझ्या कॅनच्या तळाला थोडीशीच. तात्यांचा कॅन काठोकाठ. मला वाटलं, गणेशची तब्येत सुधारली वाटतं.

सिस्टरांनी त्यात पट्टी बुडवली आणि तडक आत गेल्या. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गणेशला जवळ घेतलं, तहान फार लागते का, वजन कमी झालं का, असं काय काय विचारलं. मग तात्यांना हळू आवाजात म्हणाल्या, की लघवीत साखर दिसतेय. रक्त तपासावं लागेल.

तात्यांचा चेहरा उतरला. पोराचं बोट टोचायला सुई काढली, तसे ते उभे राहिले.

"बाई, त्याला टोचू नका. ती साखर माझी हाय."

मग उलगडा झाला. कॅन अर्धा भरून न्यायचा म्हणजे तात्यांना चारचौघांत लाज वाटली. त्यांनी स्वतःची घातली, मुलाची घातली, तरी भरेना म्हणून पाहुणा आलेल्या जावयालाही सोडलं नाही.

मी डेअरीचा माणूस. मला राहवलं नाही. मी म्हणालो, तात्या, ही तर भेसळ झाली.

"भेसळ कशाची? थेंबभर पाणी न्हाय घातलं. सगळं घरचंच हाय."

*

औषधाच्या बाटल्या महिन्याच्या महिन्याला मिळायच्या. तात्यांना चैन पडेना. एकदा त्यांनी गणेशच्या बाटलीतली एक गोळी चावली, मग पूर्वाच्या बाटलीतली एक चावली. बराच वेळ तोंड वाकडं करून बसले.

मी विचारलं, काय?

"दोनी कडू. फसवायचं तर कामबी किती मन लावून केलंय बगा."

*

आता पुढची गोष्ट सांगताना माझा आवाज जरा खाली जातो.

एका बुधवारी सिस्टर आत होत्या. पोरं जिन्यावर खेळत होती. तात्या म्हणाले, आबा, तुझ्या पोरीला खरी असली आणि माझ्या पोराला साधी, तर मला काय वाटंल? आणि उलटं असलं, तर तुला काय वाटंल? मी म्हणालो, वाईटच वाटंल.

आमच्याकडं भावाभावांत विहीर एक असली की पाणी चार-चार दिवस वाटून घेतात. कुणाचं रान अगदी सुकत नाही. तात्यांनी बाकड्यावर उपरणं पसरलं, दोन्ही बाटल्या त्यावर ओतल्या, हातानं मिसळल्या आणि मोजून निम्म्या-निम्म्या परत भरल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दोन्ही पोरांना थोडी थोडी खरी मिळंल, एवढंच दिसलं. असं आम्ही तीन महिने केलं.

चौथ्या महिन्यात गणेशचं दुखणं उलटलं. पोट तुंबलं, त्याला दवाखान्यात ठेवलं. पूर्वाची पट्टी मात्र रोज पिवळी.

मी त्याला बघायला गेलो. पोरगं उशीला टेकून बसलं होतं, पापण्या सुजलेल्या. मला म्हणालं, "आबा, पूर्वा आली न्हाय का?" मी म्हणालो, शाळेत गेलीय. घरी आल्यावर त्याची खरी गोळी निम्मी माझ्या पोरीच्या पोटात गेली, असंच डोक्यात फिरायला लागलं. हिरव्या पट्टीचे तीन दिवस होतेच, त्यात ही भर.

पुढच्या बुधवारी मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. उपरण्यासकट.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सिस्टरांना म्हणाल्या, लिहून घ्या. सिस्टरांनी फॉर्म वरखाली चाळला आणि म्हणाल्या, "मॅडम, दोन आजोबांनी गोळ्या वाटून घेतल्या, ह्याला रकानाच नाही."

शेवटी समासात लिहिलं. बाईंनी मला समजावलं, की आता ह्या दोन मुलांचे आकडे वेगळे ठेवावे लागतील, त्यांवरून काही ठरवता येणार नाही.

मी विचारलं, "म्हंजी आमची पोरं बाद?"

"आकडे बाद, आबा. पोरं कशी बाद होतील?"

त्यानंतर वाटणी बंद. तात्या दोन बुधवार माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या बुधवारी कांदे घेऊन आले आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली.

*

वर्ष भरलं. गणेशचं आणखी एकदा उलटलं, मग दुसरं औषध लागू पडलं आणि तो सायकल चालवायला लागला. पूर्वाचं एकदाही उलटलं नाही. गाल बसले, फ्रॉक सैल झाले. नेहमीचं औषधही हळूहळू बंद झालं, राहिली ती एक बाटलीतली गोळी.

अभ्यास पुरा झाला आणि लांबच्या ऑफिसातून पाकिटं आली. बाईंनी आम्हाला दोघांना एकदमच आत घेतलं. पोरं बाहेर बाकड्यावर होती. तात्या खुर्चीच्या कडेला बसले. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की गणेशची खरी निघाली तर मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. ते म्हणाले होते, पूर्वाची खरी निघाली तर मला तुझ्यापुढं मान वर करता येणार न्हाय.

बाईंनी एक कागद वाचला. दुसरा वाचला. मग पहिला परत हातात घेतला.

"गणेशची साधी होती," त्या म्हणाल्या. "आणि पूर्वाचीही साधीच."

तात्यांनी बोटांवर काहीतरी जुळवून बघितलं, परत जुळवून बघितलं.

"आबा," ते म्हणाले, "म्हंजी वाटणी तर चोख झाली की आपली."

सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. मला हसू येईना. मी विचारलं, मग पूर्वा वर्षभर बरी राहिली ती कशानं? बाई म्हणाल्या, काही मुलांचं असं आपोआप थांबतं, का थांबतं ते सांगता येत नाही. मी विचारलं, मग ती बाटली? त्या म्हणाल्या, अभ्यास संपला, आता ती द्यायची नाही, आणि त्यात काही नव्हतंच.

मी पिशवीतून बाटली काढली. तळाला सहा-सात गोळ्या होत्या. टेबलावर ठेवली, पण बोटं निघेनात.

"काय न्हाय तिच्यात, हे समजलं, बाई. पर बंद करायचं भ्या वाटतंय."

डॉक्टरीणबाई त्या बाटलीकडं बघत अगदी आमच्यासारख्या बोलल्या.

"मलाबी, आबा."